नवी गाडी येईपर्यंत जुनी सांभाळायची कुणी?

औशाकडचा एक पोरगा संभाजीनगरला राहून एसएसबीची, म्हणजे फौजेतल्या अधिकारी निवडीची, तयारी करतोय. त्यानं विचारलं: "काका, ग्रुप डिस्कशनच्या सरावाला विषय आलाय. एका देशाच्या मरीन कोअरकडं, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या फौजेकडं, चाळीस-पन्नास वर्षं जुन्या उभयचर, म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या, चिलखती गाड्या आहेत. त्याच नीट करून वापरायच्या का नव्या घ्यायच्या? आमच्यातले निम्मे म्हणतात, इंजिन आणि चिलखत नवं टाकलं की झालं काम. तुम्ही ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत होता, तुमचं काय म्हणणं?"

आधी एक सांगून ठेवतो. गावात मला सगळे 'मेजर' म्हणतात, पण मेजर मी कधीच नव्हतो. आपल्याकडं फौजेतून पेन्शनवर आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. मी सुभेदार म्हणून उतरलो आणि नोकरीतली बहुतेक वर्षं बीएमपीच्या, म्हणजे जवान वाहून नेणाऱ्या आणि पाण्यात तरंगणाऱ्या चिलखती गाडीच्या, पोटाखाली काढली. त्यामुळं माझं मत नकाशावर बोट फिरवणाऱ्या साहेबाचं नाही, पान्हा धरणाऱ्याचं आहे. डावपेचाचं तुला तुझे सर सांगतील. मी गाडीचं सांगतो.

तुझ्या मित्रांचं निम्मं बरोबर आहे. इंजिन बदलता येतं, चिलखत चढवता येतं. चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत जुन्या चासीवर नवी बॉडी चढते आणि ती गाडी आणखी काही वर्षं खेड्यापाड्यात फिरते. पण एसटी दोन टनांनी जड झाली तर फार तर डिझेल जास्त पिते, घाटात धापा टाकते. उभयचर गाडी दोन टनांनी जड झाली की पाण्यात तेवढी खाली बसते. सगळा फरक एवढ्यात आहे, आणि हा फरक लक्षात आला नाही तर पुढचं सगळं बोलणं वाया.

गणित आपल्या टँकरनं कर. उन्हाळ्यात तुमच्या वस्तीवर १०,००० लिटरचा टँकर येतो ना? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे त्या टँकरात १० टन पाणी असतं. अमेरिकेच्या मरीन कोअरची जुनी गाडी, एएव्ही-७, माणसं-दारूगोळा धरून साधारण २५ ते २६ टनांची. तिला तरंगायचं तर तिनं तेवढंच पाणी बाजूला सारलं पाहिजे, म्हणजे अडीच टँकर. आता ती गाडी जवळजवळ ८ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद. तिच्यावर एक टन चढवला की ती अंदाजे ४ सेंटिमीटर खाली जाते. पाच टनांचं चिलखत लावलं तर एक वीत. मुळात अशी गाडी पाण्यात असते तेव्हा तिचा पाठीचा थोडासाच भाग वर दिसतो. त्यातली एक वीत गेली की लाट थेट झाकणांवर येते.

म्हणून अशा गाडीत कुठलीही सुधारणा फुकट नसते. जाड चिलखत, मोठी बंदूक, जास्तीचा रेडिओ, एसी, सगळ्याची किंमत तरंगण्यातून वळती होते. वर्कशॉपमध्ये आम्ही पोरांना सांगायचो, रणगाडा दुरुस्त करताना नट घट्ट आहे का बघ, आणि तरंगणारी गाडी दुरुस्त करताना नट किती वजनाचा आहे तेही बघ.

आता त्या गाडीचा इतिहास, कारण तुझ्या प्रश्नाची उत्तरं तिच्यावर एकेक करून सगळी अजमावून झालीत.

या जातीच्या गाड्यांचा जन्मच मुळी लढाईसाठी झालेला नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात डोनाल्ड रोबलिंग नावाच्या माणसानं १९३० च्या दशकात वादळात आणि दलदलीत अडकलेल्या लोकांना काढायला पट्ट्यावर चालणारी, पाण्यात तरंगणारी गाडी बनवली. नाव 'अ‍ॅलिगेटर', म्हणजे मगर. नौका जिथं रुतते आणि मोटार जिथं बुडते तिथं जाणारी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि मांजरेला पूर आला तेव्हा परंड्याकडं लोक पत्र्यावर बसून होते, तेव्हा मला त्या मगरीची आठवण झाली. असो. मरीन कोअरनं ती गाडी उचलली आणि १९४३ च्या नोव्हेंबरात पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर तिची परीक्षा झाली. ओहोटीमुळं प्रवाळाच्या खडकावर पाणी उथळ होतं. साध्या नौका तिथंच अडकल्या आणि जवान कमरेएवढ्या पाण्यातून गोळ्या खात शेकडो मीटर चालत गेले. पट्ट्यावरच्या गाड्या मात्र खडकावर चढून किनाऱ्याकडं गेल्या. तेव्हापासून मरीन कोअर म्हटलं की ही गाडी आलीच.

एएव्ही-७ सेवेत आली १९७२ मध्ये. आपल्याकडं दुष्काळ पडला होता, रोजगार हमीवर खडी फुटत होती, तेव्हाची. शरीर अ‍ॅल्युमिनियमचं, पाण्यात मागून ढकलायला पाण्याचे दोन जेट, तिघांचा कर्मचारीवर्ग आणि पोटात वीस-बावीस जवान. १९८० च्या दशकात तिचं पहिलं मोठं नूतनीकरण झालं, इंजिन बदललं, नाव बदललं. १९९० च्या दशकाच्या शेवटी दुसरं झालं. त्यात ब्रॅडली नावाच्या दुसऱ्या चिलखती गाडीचं सस्पेन्शन आणि ५२५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. बघ, इंजिन दोनदा बदललं. तुझे मित्र म्हणतात तेच. आणि ते कामही झालं, गाडी जमिनीवर पुन्हा पळायला लागली.

पण मग इराक आलं. समुद्रकिनाऱ्यासाठी केलेली गाडी वाळवंटातल्या रस्त्यावर उतरली. ऑगस्ट २००५ मध्ये हदिथाजवळ रस्त्यात पुरलेल्या स्फोटकानं एक एएव्ही उडाली, त्यात १४ मरीन गेले. सपाट, अ‍ॅल्युमिनियमचा तळ. खालून धक्का आला की तो जाणार कुठं, सरळ वर, माणसांत. सुरुंगापासून वाचणाऱ्या गाडीचा तळ इंग्रजी 'व्ही'सारखा असतो, म्हणजे धक्का दोन्ही बाजूंना फाकतो. आणि इथंच एक पेच आहे, तो नीट समजून घे: पाण्यावर वेगानं घसरायला तळ सपाट लागतो, सुरुंगावर तगायला तळ टोकदार लागतो. एकाच गाडीकडून दोन्ही मागितलं की इंजिनिअर डोकं धरून बसतो.

अमेरिकेनं नेमकं तेच मागितलं होतं. त्या गाडीचं नाव ईएफव्ही. कारण असं की किनाऱ्यावरून जहाजं पाडणारी क्षेपणास्त्रं आली होती, त्यामुळं जहाज किनाऱ्याजवळ आणणं धोक्याचं झालं. मग ठरलं की गाडी २५ सागरी मैलांवरून, म्हणजे ४६ किलोमीटरवरून सोडायची. जुनी गाडी पाण्यात ताशी बारा-तेरा किलोमीटरनं जाते, आपली सायकल जाते तशी. ४६ किलोमीटर म्हणजे साडेतीन-चार तास. डिझेलचा धूर, हेलकावे, बंद डबा, वीस जण एकमेकांच्या मांडीवर ओकतायत. उतरल्यावर ते लढणार काय? म्हणून नव्या गाडीनं २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरनं पाण्यावर उडत जावं असं ठरलं.

इथं पाण्याचा एक नियम आडवा येतो. आठ मीटरचं कुठलंही खोकं पाण्यात ढकललं की साधारण सहा-सात नॉटला ते स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतं. त्यापुढं जायचं तर पाणी कापत नाही, पाण्यावर चढून घसरत जावं लागतं, वेगनौकेसारखं. वीस-तीस टनांचं लोखंड पाण्यावर चढवायला किती ताकद लागत असेल? ईएफव्हीला जमिनीवर ८५० अश्वशक्ती पुरायची आणि पाण्यात २,७०० च्या आसपास लागायची. आपला मोठा ट्रॅक्टर पन्नास-साठ अश्वशक्तीचा धर. म्हणजे चाळीस-पन्नास ट्रॅक्टरांची ताकद एका गाडीच्या पोटात, माणसांच्या शेजारी. तेवढं इंजिन, त्याचं थंड करणं, उघडणारे-मिटणारे फ्लॅप, पट्टे झाकणारी यंत्रणा, सगळं हायड्रॉलिक. २००६ च्या चाचण्यांत ती सरासरी साडेचार तासांत बिघडायची. शेवटी जानेवारी २०११ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तो कार्यक्रम बंद केला. तोवर सुमारे ३ अब्ज डॉलर गेले होते.

या प्रकल्पाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला विचारशील तर चूक इंजिनिअरची नव्हती. चीनच्या गाड्या पाण्यावर घसरत बऱ्यापैकी वेगानं जातात, म्हणजे अशक्य काही नाही. पण कागदावर मागण्या लिहिणाऱ्यानं 'हेही हवं, तेही हवं' लिहीत जावं आणि त्याला कुणी 'बदल्यात काय सोडणार?' असं विचारू नये, ही चूक. लग्नाची यादी करताना होते तसं. पण ईएफव्ही रद्द होण्यात माझ्या दृष्टीनं पैसे गेले हे मोठं नुकसान नाही. मोठं नुकसान हे की जवळपास वीस वर्षं सगळे म्हणत राहिले, "नवी येणार आहे." आणि नवी येणार असली की जुनीकडं कोण बघतं?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आपल्या साखर कारखान्यात बघ. नवा टर्बाइन बसणार असं संचालक मंडळात ठरलं की त्या वर्षी ऑफ सीझनला जुन्या टर्बाइनचं काम वरवर होतं. "कशाला खर्च करायचा, पुढच्या हंगामाला काढायचाच आहे." मग नव्याचं टेंडर अडकतं, गाळप सुरू होतं आणि जानेवारीत, ऊस फडात उभा असताना, जुना टर्बाइन बसतो. फौजेत असंच होतं, फक्त ऊस नाही, माणसं असतात.

माझा एक अनुभव सांगतो. पंजाबात एका कालव्यावर आमचा फ्लोटेशनचा सराव होता. बीएमपी पाण्यात घालायच्या आधी ठरलेली तपासणी असते: तळाचे ड्रेन प्लग, झाकणांची रबरं, पाणी फेकणारे पंप चालू करून बघणं, पुढची लाट अडवणारी पाटी उभी करणं. एका गाडीचा एक ड्रेन प्लग जुनाच वॉशर लावून बसवला होता. नव्या वॉशरची मागणी कधीची गेलेली, दरवेळी कागद परत यायचा: उपलब्ध नाही. मेकॅनिकनं काय केलं, जुना पालथा करून लावला, वर सीलंट थापला. आपण सगळेच करतो असलं. कालव्याच्या मध्यावर गाडीचा मागचा भाग जड वाटायला लागला. ड्रायव्हर हुशार, साताऱ्याकडचा पोरगा, त्यानं कुणाला न विचारता गाडी काठाला वळवली आणि वर चढवली. आत पिंडरीपर्यंत पाणी होतं. कुणाला काही झालं नाही, चौकशी झाली, दोघांना झापलं. वॉशर तरी महिन्यानंच आला. मी त्या वॉशरचा जुना तुकडा बरीच वर्षं खिशात ठेवला होता. पुढं बदलीत कुठं हरवला कुणास ठाऊक.

म्हणून ३० जुलै २०२० ची गोष्ट मी वाचली तेव्हा मला परकी वाटली नाही.

कॅलिफोर्नियाजवळ सॅन क्लेमेंटी नावाचं बेट आहे. तिथं सराव करून एएव्ही गाड्या समुद्रातून जहाजाकडं परतत होत्या. एका गाडीत १६ जण. आत पाणी यायला लागलं. अशा गाडीत पाणी थोडं येतंच, ते पंपानं बाहेर फेकायचं. पंप चार असतात, दोन विजेवर, दोन हायड्रॉलिक. पण गिअरबॉक्सच्या तेलाची गळती लागली होती, ताकद गेली, त्यात जनरेटर बसला, म्हणजे पाणी येतंय आणि फेकणारं काहीच नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं की माणसं बाहेर काढायची असा नियम होता. तो वेळेवर पाळला गेला नाही. पाणी दिसल्यापासून गाडी बुडेपर्यंत पाऊण तास गेला, बघ, पाऊण तास. मदतीला दुसरी एएव्ही आली, पण माणसं उचलायला म्हणून ठेवायची सुरक्षा नौका पाण्यात नव्हती. गाडी लाटेला आडवी झाली, वरचं झाकण उघडलं होतं, लाट आत आली आणि ती गेली. ९ जण मेले, ८ मरीन आणि नौदलाचा एक वैद्यकीय सहायक. गाडी जवळजवळ ११७ मीटर खोल सापडली.

गाडीत शिरलेलं पाणी नुसतं वजन वाढवत नाही हे इथं ध्यानात घे. ते हलतं. गाडी जराशी डावीकडं कलली की आतलं पाणीही डावीकडं धावतं आणि तिला आणखी कलवतं. अर्धा भरलेला टँकर वळणावर पलटतो, भरलेला सहसा नाही, हे आपल्या टँकरवाल्याला विचार.

चौकशीत काय निघालं? त्या प्लाटूनला दिलेल्या गाड्या बराच काळ वापराविना उभ्या होत्या आणि वाईट अवस्थेत होत्या. नंतर इतर गाड्या तपासल्या तर त्यांतल्याही बऱ्याच पाणी रोखण्याच्या कसोटीला उतरल्या नाहीत, आणि आतले आणीबाणीचे दिवे बहुतेकांत लागत नव्हते. अंधारात बाहेर पडायची वाट दाखवणारे दिवे ते. बुडत्या गाडीतून बाहेर पडायचं प्रशिक्षण सगळ्यांचं पूर्ण झालेलं नव्हतं. आता तू मला सांग, यात ४८ वर्षांच्या वयाचा दोष किती? रबरी गॅस्केट १९७२ ची नव्हती. तेलाचा पाइप १९७२ चा नव्हता. दिवे नक्कीच नव्हते. गाडी म्हातारी होती म्हणून बुडाली असं म्हणणं सोपं आहे, पण माझ्या हिशोबानं ती 'आता काढायचीच आहे' म्हणून बुडाली.

आणि मधली एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुझ्या मित्रांसाठी महत्त्वाची. ईएफव्ही गेल्यावर जुन्या एएव्हीचं तिसरं मोठं नूतनीकरण ठरलं होतं. नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स, तरंगायला मदत करेल असं चिलखत, स्फोटाचा धक्का झेलणाऱ्या खुर्च्या. म्हणजे तुझ्या गटाचा अख्खा प्रस्ताव, अमेरिकेनं लिहून काढला होता. नमुना गाड्या बनल्याही. २०१८ मध्ये ते रद्द केलं, कारण नवी गाडी, एसीव्ही, अपेक्षेपेक्षा लवकर आणि चांगली जमत होती, मग दोन्हीकडं पैसा कशाला? हिशोबाच्या वहीत हा निर्णय शहाणपणाचा होता. मीही कदाचित तोच घेतला असता. पण पैसा वाचवताना 'मग तोवर जुन्या गाड्या पाण्यात घालायच्या का?' हा प्रश्न त्याच दिवशी विचारायला हवा होता. तो डिसेंबर २०२१ मध्ये सुटला: आणीबाणी सोडून एएव्ही पाण्यात घालायची नाही. तीनेक वर्षं उशिरा, ९ माणसांनंतर.

नवी गाडी आठ चाकांची. जून २०१८ मध्ये निवड झाली. बीएई सिस्टिम्स आणि इटलीची इव्हेको यांनी मिळून दिली, मूळ आराखडा इव्हेकोचा. ६९० अश्वशक्ती, तीन कर्मचारी आणि १३ जवान, तळ सुरुंगाचा विचार करून केलेला, एखाद-दुसरं चाक गेलं तरी चालणारी. पाण्यात वेग? साधारण सहा नॉट. म्हणजे १९७२ च्या गाडीएवढाच, खरं तर थोडा कमीच. हे ऐकून तुझ्या गटात हशा पिकेल, पिकू दे. मला यात शहाणपण दिसतं. त्यांनी ठरवलं की पाण्यावर उडायचं काम दुसऱ्या कुणाचं आहे. हवेच्या गादीवर चालणाऱ्या मोठ्या नौका गाड्यांना जवळ आणून सोडतील. गाडीनं शेवटचा टप्पा पोहायचा आणि मग जमिनीवर नीट लढायचं. बारा सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर, लातूरहून औशापेक्षा थोडं जास्त. सहा नॉटनं दोन तास. तेवढं सोसता येतं. आयुष्यातले ९९ दिवस जमिनीवर आणि एक दिवस पाण्यात घालवणाऱ्या गाडीचा आराखडा त्या एका दिवसासाठी करायचा नसतो.

पण नवी आली म्हणून सगळं सुरळीत झालं असंही समजू नकोस. जुलै २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडल्टन या मरीन तळाच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटांत दोन एसीव्ही अडकल्या, त्यातली एक कलंडली. ऑक्टोबरात पुन्हा तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये एक जमिनीवर उलटली आणि एक मरीन गेला. या अपघातांच्या काळातच त्यांनी जुन्या गाडीच्या चालकांना नव्या गाडीवर वळवायला वेगळी प्रशिक्षण तुकडी उभी केली. हे मला फार पटतं. वीस वर्षं पट्ट्याची गाडी चालवलेला माणूस आठ चाकांच्या गाडीत बसला तरी त्याचे हात पट्ट्याचेच असतात. लाटेला कसं सामोरं जायचं, कधी गॅस द्यायचा, सगळं वेगळं. ट्रॅक्टरवाल्याला हार्वेस्टर दिला की पहिल्या हंगामात तो बांध फोडतोच. दक्षिण कोरियानं तर सप्टेंबर २०२३ मध्ये पोहांगजवळ पुढच्या पिढीच्या गाडीचा नमुनाच समुद्रात बुडालेला पाहिला, चाचणी घेणारे दोघे गेले. पाणी नव्या कोऱ्या लोखंडालाही ओळखत नाही.

आता आपलं. भारताकडं मरीन कोअर नाही. मार्कोस नौदलाचे कमांडो आहेत, ती गोष्ट वेगळी. किनाऱ्यावर उतरायचं काम आपल्याकडं लष्कराच्या ठरावीक ब्रिगेड नौदलाच्या जहाजांवरून करतात, 'जलाश्व'सारख्या. तेही अमेरिकेकडून घेतलेलं जुनं जहाज, २००७ मध्ये आलेलं. आणि गाडी म्हणजे बीएमपी-२, आपली 'सारथ'. तेलंगणातल्या मेडकच्या कारखान्यात बनते. जून २०२० मध्ये आणखी १५६ गाड्यांची १,०९४ कोटींची ऑर्डर निघाली तेव्हा सरकारनंच सांगितलेले आकडे आहेत: २८५ अश्वशक्ती, पाण्यात ताशी ७ किलोमीटर. ती पट्टे फिरवूनच पोहते, जेट नाही. म्हणजे कालवा, नदी, शांत पाणी. खुल्या समुद्राच्या लाटेत तिच्याकडून एएव्हीचं काम मागणं म्हणजे बैलाकडून घोड्याचं मागणं. तिच्या जागी यायची पुढची गाडी दशकाहून जास्त काळ चर्चेत आहे. वाचताना तुला ईएफव्हीचा वास येत असेल तर तो बरोबर येतोय.

मात्र आपल्या शेजारीच एक चांगलं काम झालंय ते तुझ्या गटात नक्की सांग. अहिल्यानगरला डीआरडीओची व्हीआरडीई, म्हणजे फौजेच्या गाड्यांवर संशोधन करणारी संस्था, आहे. तिनं टाटांबरोबर आठ चाकांची, पाण्यात तरंगणारी गाडी केली, तिला व्हॅप म्हणतात. मोरोक्कोनं ती घेतली आणि तिचा कारखाना तिकडं उभा राहिला. आष्टीच्या माणसाला तासाभरावर असलेली गोष्ट, पण आपल्या पोरांना अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्याची अश्वशक्ती पाठ असते आणि हिचं नाव माहीत नसतं.

म्हणून 'दुरुस्ती का नवी' याला माझं उत्तर: नवी घ्या, पण मागण्या कमी लिहा, आणि पाण्यातल्या वेगाच्या मागं लागू नका. जुनीला नवं चिलखत चढवत बसू नका, ती ते वजन उचलणार नाही. आणि त्याच फायलीत, त्याच सहीनं, जुनीसाठी दोन ओळी लिहा. एक, नवीचा शेवटचा नग हाती येईपर्यंत जुनीची रबरं, प्लग, पंप आणि दिवे यांचा पैसा कुणी कापायचा नाही. दोन, जी गाडी पाण्याच्या कसोटीला उतरत नाही ती जमिनीवरच फिरेल, मग सरावाचा कार्यक्रम कितीही मोठ्या साहेबानं आखलेला असो. समोरचा म्हणेल, यात आधुनिकीकरण कुठं आलं? त्याला विचार, नवी गाडी यायला तुझ्या अंदाजानं किती वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं जवान कशात बसणार आहेत.

इंग्रजीत बोलताना अडलास तर गणित बोल, गणिताला भाषा लागत नाही. आणि जायच्या आधी एका रविवारी माझ्याकडं ये. यंदा शेततळं काठोकाठ आहे. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा आणू, आडवा टाकू, आत वाळू भरू, पाण्याची रेघ खडूनं मारू. मग आणखी एक किलो टाकून रेघ बघू. शेवटी तळाला खिळ्यानं एक भोक पाडतो आणि तुझ्या हातात चहाचा कप देतो. पाणी उपसत राहायचं आणि डबा कधी सोडायचा ते तू ठरवायचं. घड्याळ मी धरतो.